बंडूकाकांच्या चावीचा फॉल्ट

बंडू परुळेकरांचा बिघाडावर जीव होता. घरातली एखादी वस्तू नीट चालत असली की ते तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. तीच कुरकुरायला लागली की तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसत. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात, जमिनीखालच्या केबलींमधले फॉल्ट शोधण्यात घालवली होती. एखाद्या वस्तीचे फोन मुके झाले की परुळेकरांना बोलावणं जाई. ते येत, हातातली छत्री जवळ उभ्या असलेल्या कुणाच्याही हातात देत आणि लाइनचे दोन भाग करून आजार कुठल्या बाजूला आहे ते बघत. मग त्या बाजूचे पुन्हा दोन भाग. असं करत करत ते नेमके त्या सांध्यावर येऊन थांबत, जिथे पाणी शिरलेलं असे. निवृत्त झाल्यावर केबली सुटल्या, पद्धत सुटली नाही. मिक्सर, गिझर, सोसायटीचा पंप आणि एकदा तर शेजारच्या बाळाचं रडणं, या सगळ्यांना त्यांनी हीच पद्धत लावली होती.

दुसरी सवय होती सूचना द्यायची. "चारू, दूध." "चारू, ओटा ओला आहे." "चारू, पायरी." ती पायरी सीवूड्सच्या त्या इमारतीत पहिल्या दिवसापासून तिथेच होती. तरी काका रोज सांगत. चारूकाकू "हो" म्हणत आणि उतरत.

गाडी घेतली ती मुलाने, ऋषीने. तो बेंगळुरूला. आईबाबांनी आता रिक्षाच्या मागे धावू नये म्हणून त्याने त्यांना ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली, तीसुद्धा बटन दाबून सुरू होणारी. काकांना गाडी आवडली, पण चावीबद्दल त्यांच्या मनात कायम एक पाल चुकचुकत राहिली. चावी खिशात ठेवायची, ती कशात घालायची नाही, कुठे फिरवायची नाही, आणि गाडीने आपली आपण ओळखायची, हा प्रकार त्यांना सैल वाटे. एक चावी त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. दुसरी चारूकाकूंनी लाल डबीत घालून कपाटाच्या लॉकरमध्ये टाकली.

पुढे एका रविवारी दोघं मासळी आणायला सारसोळ्याला निघाले. काकांनी बटन दाबलं. टुंग असा आवाज झाला आणि समोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली. चावीची बॅटरी कमी आहे, बदला.

काकांनी इंजिन बंद केलं. चेहरा गंभीर ठेवला, पण आत कुठेतरी सनई वाजायला लागली होती.

"काय झालं?" चारूकाकूंनी विचारलं.

"फॉल्ट."

"चालू तर झाली होती की. चला ना, सुरमई संपते."

"चारू, यंत्र आपल्याशी बोलतंय. मध्येच उठून जायचं नसतं."

सुरमई संपली. काका चावी घेऊन स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे गेले आणि नवा चपटा सेल बसवून आणला. दुसऱ्या दिवशी एकटेच पेट्रोल भरायला गेले. अक्षरं आली नाहीत. त्यांनी सुस्कारा सोडला. त्यात समाधान होतं आणि थोडी निराशाही होती, इतक्या लवकर सुटलं म्हणून.

गुरुवारी दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले. टुंग. चावीची बॅटरी कमी आहे, बदला.

सेलच खोटा निघाला असणार, असं म्हणून काकांनी दुसरा आणला, या वेळी वाशीहून. तो बसवायला त्यांनी घड्याळवाल्याला हात लावू दिला नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्म्यावर भिंग धरलं, आणि फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून चावीचं पोट उघडलं. आतले पितळी पाय खोडरबराने घासले. टेलिफोन खात्यात ते असंच करत. बटनांवरचं रबर उडून वरणाच्या पातेल्यात पडलं. ते शोधताना वरणाचेही दोन भाग करावे लागले.

चारूकाकू पोळ्या लाटत होत्या. "जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या. "गाडी चालतेय ना? मग त्या अक्षरांना येऊ द्या की. आली की जातात आपली."

"आणि एक दिवस पाम बीच रोडच्या मधोमध चावी मेली तर? लॉकरमधली दुसरी चावी काढ बरं. ती लावून बघतो."

चारूकाकूंचं लाटणं थांबलं. "आज अमावास्या आहे. लॉकर नाही उघडत मी."

काकांनी कॅलेंडर बघितलं. अमावास्या खरंच होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यातून दुसरी चावी गेली, कारण वाशीच्या सेलचा निकाल लागला. एकटे गेले तेव्हा अक्षरं नाहीत. चारूकाकूंना घेऊन वाशीला गेले तर टुंग.

काकांनी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोरांनी ती दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी सांगितलं, "सर, एकदम ओके आहे. मेसेज येतच नाही." काका चिडले नाहीत. फॉल्ट हा पोटदुखीसारखा असतो, डॉक्टरसमोर गेला की दुखायचा थांबतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शेजारचे इंद्रजित जाधव मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या मार्केटात त्यांचा कांद्या-बटाट्याचा गाळा. संध्याकाळी ते घरी येत आणि पार्किंगमध्ये काकांना भेटत. ते म्हणाले, "काका, सेल उलटा बसला असंल."

काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की जाधवांनी विषय कांद्याकडे वळवला.

त्या रात्री काका जेवायला बसले. भात कालवताना त्यांचा हात अचानक थांबला. एकटे असताना येत नाही. सर्व्हिस सेंटरला आला नाही. मासळीला, डॉक्टरकडे, वाशीला आला. त्या सगळ्या वेळांमध्ये समान काय होतं? त्यांनी हळूच वर बघितलं. समान गोष्ट समोर बसून ताक पीत होती.

"चारू," ते शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाले, "रागावू नकोस. फॉल्ट तुझ्यात आहे."

"लग्न झाल्यापासून ऐकतेय," चारूकाकू म्हणाल्या. "आज नवीन काय निघालं?"

सकाळी पार्किंगमध्ये चाचणी ठरली. वॉचमन भैरू खुर्ची घेऊन आला, जाधव चहाचा कप घेऊन आले. काकांनी सगळ्यांना पद्धत समजावून सांगितली. चारूकाकूंच्या अंगावर किंवा हातात अशी एखादी वस्तू आहे जी चावीच्या लहरी खाते. एकेक वस्तू बाजूला काढायची, गाडीत बसायचं, बटन दाबायचं.

आधी मोबाइल. मोबाइल भैरूच्या हातात दिला. चारूकाकू बसल्या. टुंग.

मग गुडघ्याचा पट्टा. त्यात लोहचुंबक असल्याचं जाहिरातीत म्हटलं होतं, म्हणून काकांचा त्याच्यावर फार संशय होता. पट्टा काढून बोनेटवर ठेवला. टुंग.

मग तांब्याची अंगठी. मग पाटल्या. मग चपला, कारण त्यांच्या टाचेत म्हणे खिळा होता. अनवाणी चारूकाकू गाडीत चढत होत्या, उतरत होत्या, आणि पदर खोचून मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसत होत्या. प्रत्येक वेळी टुंग.

"काकू, एवढा व्यायाम तर आमी गाळ्यावर पन करत न्हाई," जाधव म्हणाले.

"पर्स राहिली," काका म्हणाले.

"पर्स मी सोडणार नाही."

"अगं, पाच मिनिटं."

"बायकांची पर्स असते. तुम्हाला काय करायचंय तिच्याशी?"

"मी तिच्यात बघत नाही. जाधव फक्त धरतील. लिफ्टपाशी जाऊन उभे राहतील."

जाधवांनी कप खाली ठेवून पर्स घेतली, अगदी देवाच्या पालखीला हात लावावा तशी, आणि लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले. चारूकाकू गाडीत बसल्या. काकांनी बटन दाबलं. इंजिन गुरगुरलं. पडदा स्वच्छ होता.

"जाधव, पुढे या," काका म्हणाले. "आणखी पुढे. आता दार उघडून आत धरा. मी बंद करून पुन्हा चालू करतो."

टुंग.

भैरूने टाळ्या वाजवल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यांनी पर्स घेतली आणि बोनेटकडे वळले. "आता पर्समधल्या वस्तूंचे दोन भाग करायचे. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे..."

चारूकाकू गाडीतून उतरल्या. त्यांनी पर्स काकांच्या हातातून घेतली, आतला चोरकप्पा उघडला आणि एक चावी काढून बोनेटवर ठेवली. हुबेहूब तशीच काळी चावी.

"ही घ्या. हिचा सेल गेलाय. बदला आता."

जाधवांनी खालचा कप उचलला. "मी जरा पान्याची टाकी भरली का बघून येतो," असं म्हणून ते निघाले आणि जाता जाता भैरूलाही खुर्चीसकट घेऊन गेले. मात्र कोपऱ्यावर वळण्यापूर्वी "काखेत कळसा आन् गावाला वळसा" एवढं पुटपुटल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

काका चावीकडे बघत होते. "ही लॉकरमध्ये होती."

"होती."

"मग पर्समध्ये कशी आली?"

चारूकाकूंनी चोरकप्प्यातून आणखी एक वस्तू काढली. प्लॅस्टिकचं कार्ड होतं. त्यावर चारूकाकूंचा फोटो होता, परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून काढलेला. वाहन चालवण्याचा परवाना.

"शिकले मी," त्या म्हणाल्या. "सारसोळ्यात क्रांती ठाकूर म्हणून एक मुलगी आहे, तिचा क्लास आहे. परीक्षा पास होऊनही झाले काही महिने. तुम्ही दुपारी मित्रांकडे वाशीला बसने जाता ना, तेव्हा मी गाडी काढते. जेट्टीपर्यंत जाते आणि येते."

काकांच्या डोक्यात भराभर सांधे जुळत गेले. सीट आपोआप पुढे सरकते म्हणून त्यांनी तिच्या रुळांना तेल घातलं होतं. मायलेज घटलं म्हणून पेट्रोल पंपावर भांडून आले होते. आरसा खाली झुकतो म्हणून ऋषीला फोन करून गाडीची बनावटच कच्ची आहे असं सांगितलं होतं. एवढे फॉल्ट, आणि सगळे एकाच ठिकाणी.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता."

चारूकाकू पुढे म्हणाल्या, आवाज न चढवता, बोनेटवरच्या पाटल्या हातात चढवत.

"स्कूटर शिकवली होतीत, आठवतं? नेरूळला तेव्हा नुसते मोकळे प्लॉट होते. तुम्ही मागून धावत होता. ब्रेक, चारू, ब्रेक. डावीकडे. अगं खड्डा. अगं म्हैस. मी कुठलं ऐकू? गेले खाजणात, कमरेपर्यंत चिखलात. त्याचं मला काही नाही. पडायला होतंच शिकताना. पण ती गोष्ट तुम्ही किती जणांना सांगितलीत. मुंजीत, बारशात. ऋषीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलीत, आणि मी तिथे पंक्तीत जिलबी वाढत होते."

ती गोष्ट काकांची हुकमी होती. म्हशीचा आवाज ते फार छान काढत. त्या गोष्टीवर आजवर सगळे हसले होते आणि त्या सगळ्यांत चारूही हसते, असंच ते धरून चालले होते. तसं पाहिलं तर ती हसायची, हेही खरं. पण कशी हसायची ते आठवायला ते आता पहिल्यांदाच बसले, आणि जे आठवलं ते त्यांना आवडलं नाही.

"चपला घाल," ते एवढंच म्हणाले. "फरशी गार आहे."

दुपारी काका वाशीला गेले नाहीत. चालत सारसोळ्याला गेले. क्रांती ठाकूर क्लासची गाडी पाइपने धूत होती. तिशीची, दणकट, केस वर बांधलेले. काकांनी ओळख सांगितली. क्रांतीने पाण्याचा नळ बंद केला आणि त्यांना नीट न्याहाळलं.

"म्हंजे काकींचे मिस्टर तुमी. मना वाटलं, खूप मोठे असाल."

"कशी चालवते ती?" काकांनी विचारलं. यायचं कारण दुसरं काहीतरी सांगायचं त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण ते ऐन वेळी आठवलं नाही.

"हात एकदम साफ हाय. घाबरत नाय. रिव्हर्स तर माझ्याहून बरा घेते. पन एक सवय हाय त्यांना, ती काय गेली नाय. गाडी चालवताना तोंडाने बोलतात. खड्डा, बोलतात. रिक्षा, बोलतात. ब्रेक, बोलतात आनि मग ब्रेक मारतात. परीक्षेला साहेब बाजूला बसलेला, तो घाबरला, त्याला वाटलं त्यालाच ऑर्डर देतात." क्रांती हसली. "कोनी लावली हो ही सवय?"

काकांनी जेट्टीच्या दिशेने बघत "कोण जाणे" असं काहीतरी म्हटलं. परत येताना त्यांनी घड्याळवाल्याकडून आणखी एक सेल घेतला. दुसऱ्या चावीत तो त्यांनी स्वतः बसवला, अधिकची खूण वर आहे ना ते दोनदा बघून. रबर या वेळी मुठीत धरून ठेवलं. मग ती चावी त्यांनी लाल डबीत न ठेवता चारूकाकूंच्या पर्सशेजारी ठेवली.

चारूकाकूंच्या बहिणीने, सुचिताने, नावड्याला नवं घर घेतलं होतं. शनिवारी तिथे वास्तुशांतीचं जेवण होतं. आदल्या दिवशी काका म्हणाले, "उद्या माझी चावी घरी ठेवतो. चाचणी घ्यायची तर गाडीत एकच चावी हवी. तुझी."

"म्हणजे चालवणार कोण?"

"जिची चावी तिने चालवायची."

चारूकाकूंनी चावी उचलून पर्समध्ये टाकली. "एक अट आहे. दारातून निघाल्यापासून सुचिताच्या दारात जाईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"कबूल."

"पायरीसुद्धा म्हणायचं नाही."

"पायरी गाडीत नसते," काका म्हणाले, आणि तिच्या नजरेकडे पाहून गप्प झाले.

शनिवारी चारूकाकूंनी सीट पुढे घेतली, आरसा खाली झुकवला आणि बटन दाबलं. टुंग झालं नाही. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. काकांनी तोंड उघडलं, त्यांना अट आठवली, त्यांनी ते मिटलं.

बेलापूरपर्यंत काकांनी वरची कडी धरून ठेवली होती. खारघरला त्यांचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, सारखा दाबला जात होता. कळंबोलीच्या पुढे तळोज्याकडे जाणारे ट्रक लागले. एक ट्रक इंडिकेटर न देता डावीकडून आत घुसू लागला. काकांच्या घशापर्यंत आलेला शब्द त्यांनी आवंढ्याबरोबर गिळला.

"ट्रक," चारूकाकू स्वतःशीच म्हणाल्या. "ब्रेक." आणि गाडी अलगद मंदावली.

थोड्या वेळाने त्या "खड्डा" म्हणाल्या. मग "म्हैस" म्हणाल्या. काकांनी मान वळवून बघितलं, तर दुभाजकापाशी खरोखरच म्हैस उभी होती. ते नाकाने हसायला लागले आणि हसू दाबता दाबता त्यांना खोकला आला. चारूकाकूंचेही ओठ हलले, पण त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

नावड्याला सुचिताने दोघांना ओवाळलं, मग हळूच बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, "भावजींची तब्येत बरी नाही का गं? गाडी तू चालवलीस, आणि ते केव्हाचे गप्प आहेत." खरं तर अट संपली होती, पण काकांना गप्प बसायची इतकी सवय झाली होती की पुरणपोळीला तूप हवं का, यालाही त्यांनी मानेनेच उत्तर दिलं.

परतीच्या वाटेवर कळंबोलीचा पूल त्यांना आठवतो. पुढचं काही आठवत नाही. आयुष्यात कधी चालत्या गाडीत डोळा न लागलेले बंडूकाका मान खिडकीला टेकवून झोपून गेले होते. सोसायटीत आल्यावर चारूकाकूंनी एका दमात गाडी मागे घेतली आणि दोन खांबांमध्ये सरळ उभी केली. बाजूला बघितलं. काका घोरत होते. त्यांना उठवावंसं वाटेना. सावली होती, वारा होता. त्यांनी खिडकी थोडी उघडी ठेवली, सुचिताने दिलेला डबा उचलला आणि त्या वर गेल्या. जाताना सवयीने त्यांच्या अंगठ्याने चावीचं बटन दाबलं आणि गाडीला कुलूप लागलं.

काकांना जाग आली तेव्हा आपण कुठे आहोत हे क्षणभर कळेना. मग खांब ओळखीचा वाटला. त्यांनी आतून दार उघडलं.

गाडीने जो आक्रोश सुरू केला तो समोरच्या इमारतीपर्यंत गेला. दिवे उघडमीट करायला लागले. भैरू काठी घेऊन धावत आला आणि चोराच्या जागी काका दिसल्यावर काठी कुठे ठेवावी हे त्याला कळेना. काकांनी आतला खिसा चाचपला. चावी घरी होती. गॅलऱ्यांमध्ये माणसं गोळा झाली. काका दोन्ही हात जरा वर करून उभे राहिले, पोलिसांनी थांबवल्यासारखे.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चारूकाकू आल्या. त्यांच्या एका हातात चहाची गाळणी होती आणि दुसऱ्या हातात चावी. त्यांनी तिथूनच बटन दाबलं. नवा सेल होता, पहिल्याच दाबात सगळं शांत झालं.

शेजारच्या गॅलरीतून जाधवांनी वाकून विचारलं, "काका, फॉल्ट कशात निघाला?"

"मी आत राहिलो होतो," बंडूकाका म्हणाले आणि शर्ट खाली ओढत लिफ्टकडे गेले.